फ्रेंच बचावातला 'वाईट' उंट आणि बाराव्या चालीला निसटलेला डाव

पेडण्याच्या एका पालकांनी मुलीच्या बुद्धिबळाच्या डावाची नोंद पाठवली आहे. मुलगी बारा वर्षांची, फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना) रेटिंग १५०० च्या आसपास. पांढऱ्याने ई४ केलं की ती नेहमी फ्रेंच बचाव (ई६ चं उत्तर) खेळते. फोंड्याच्या एका रेटिंग स्पर्धेत समोरच्या मुलाने तिला गॅम्बिट दिला (म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम प्यादं देऊ केलं), तिने दोन प्यादी मारली आणि १९ व्या चालीला मात झाली. हॉलबाहेर दोघा-तिघांनी सल्ला दिला, "फ्रेंच सोडा, सिसिलियन घ्या," म्हणजे ई४ ला सी५ ने उत्तर द्या. वडिलांचे प्रश्न तीन आहेत. ओपनिंग बदलायची का? चूक नेमकी कुठे झाली? आणि तिला शिकवलं होतं की फ्रेंचमधला पांढऱ्या घरांचा उंट वाईट, संधी मिळताच तो मारामारीत काढून टाकावा. तिने अगदी तेच केलं, मग डाव गेला कसा?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. ओपनिंग बदलू नका. दोन प्यादी घेतल्यामुळेही डाव गेलेला नाही. तो गेला बाराव्या चालीला, तो उंट दिल्यामुळे.

आधी डाव देतो. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे). पुढे आकड्यानंतर तीन टिंबं दिसली की ती काळ्याची चाल. ए ते एच हे पटाचे उभे पट्टे, त्यांना फाइल म्हणतात. घरात पट असेल तर मांडून बसा. नुसतं वाचून यातलं अर्धंच हाती लागेल.

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घो-सी६ ५. घो-एफ३ व-बी६ ६. उं-डी३ सी×डी४ ७. सी×डी४ उं-डी७ ८. ०-० घो×डी४ ९. घो×डी४ व×डी४ १०. घो-सी३ व×ई५ ११. ह-ई१ व-डी६ १२. घो-बी५ उं×बी५ १३. उं×बी५+ रा-डी८ १४. व-एच५ घो-एच६ १५. उं×एच६ जी×एच६ १६. व×एफ७ उं-ई७ १७. ह×ई६ व-सी५ १८. ह-सी१ व×बी५ १९. व×ई७ मात.

फ्रेंच हे नाव पडलं ते १८३४ साली लंडन आणि पॅरिस या दोन शहरांच्या क्लबांमध्ये सुरू झालेल्या पत्राद्वारे सामन्यावरून. पॅरिसकरांनी ई४ ला ई६ ने उत्तर दिलं होतं. तिसऱ्या चालीला प्यादं ई५ वर ढकलायचं, ही अ‍ॅडव्हान्स पद्धत निमझोविचने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नावारूपाला आणली आणि पुढे स्वेश्निकोव्हने ती आयुष्यभर खेळून तिला धार दिली. त्या ई५ च्या प्याद्यामुळे काळ्याच्या राजाच्या बाजूची जागा आवळली जाते. एफ६ हे घोड्याचं हक्काचं घर जातं. बदल्यात काळ्याला एक पक्कं लक्ष्य मिळतं: डी४. सी५, घो-सी६, व-बी६ या तिन्ही चालींचा रोख त्या एका प्याद्यावर आहे. तुमच्या मुलीने पहिल्या पाच चाली अगदी बरोबर खेळल्या.

आता सहावी चाल. पांढऱ्याचे नेहमीचे पर्याय म्हणजे ए३ किंवा उं-ई२. त्या दोन्हींत वजिराची डी-फाइल मोकळी राहते आणि डी४ ला मागून आधार असतो. उं-डी३ ने मात्र उंट स्वतःच वजिराच्या वाटेत उभा राहतो. म्हणजे डी४ चं प्यादं मुद्दाम उघडं टाकलेलं आहे. या गॅम्बिटला मिलनर-बॅरी म्हणतात. स्टुअर्ट मिलनर-बॅरी हे इंग्लंडचे खेळाडू, दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन संदेशांची गुप्त लिपी फोडणाऱ्यांपैकी एक. कल्पना सरळ आहे: प्यादी द्या आणि काळ्याचा राजा मध्यावर असेपर्यंत आपली सगळी मोहरी बाहेर काढा.

सातव्या चालीला एक जुना सापळा आहे. उं-डी७ न खेळता लगेच ७... घो×डी४ घेतलं तर ८. घो×डी४ व×डी४ ९. उं-बी५ शह. उंट डी-फाइलवरून बाजूला झाला, शहाला उत्तर द्यायलाच हवं आणि पांढऱ्याचा वजीर काळ्याचा वजीर उचलतो. तुमच्या मुलीला हा सापळा माहीत होता, म्हणून तिने आधी उं-डी७ केलं. तिथपर्यंतचं शिक्षण चोख आहे. पण त्या चालीचं कारण तिच्या मनात किती खोल गेलं होतं, याबद्दल मला शंका आहे. उंट डी७ वर आला तो बी५ वरच्या शहाला अडवायला. ए४ पासून ई८ पर्यंतच्या कर्णावर राजा आणि पांढऱ्याचा उंट यांच्यामध्ये उभा राहणं, हे त्याचं काम. सातव्या चालीला दिलेलं हे काम बाराव्या चालीलाही संपलेलं नव्हतं.

आठव्या चालीला घो×डी४ घेणं योग्य आहे. नवव्या चालीनंतर काळ्याकडे एक प्यादं जास्त आहे आणि त्याचा वजीर पटाच्या मधोमध एकटा उभा आहे. पांढऱ्याने १०. घो-सी३ करून ई५ चं दुसरं प्यादंही देऊ केलं. इथे तिने सहा मिनिटं विचार केला. चालींशेजारी घड्याळाची वेळ लिहायची सवय तिला कुणीतरी लावली आहे, त्या माणसाचे आभार माना. नियमाने नोंदीच्या कागदावर ती लिहिता येते आणि नंतर तिच्यासारखा दुसरा पुरावा नसतो.

दहाव्या चालीला माझी निवड ए६. बी५ हे घर घोड्याला कायमचं बंद. मग पांढरा साधारण ११. व-ई२ खेळून ई५ ला आधार देतो (आता व×ई५ केलं तर वजीरच जातो), काळा ११... घो-ई७ करतो आणि पुढच्या चालीला घो-सी६. ई७ वरून सी६ हा वळसा नीट समजून घ्या. घोडा सी६ वर पोचला की ई५ वर दाब येतो आणि डी४ वरच्या वजिराला आधार मिळतो. हा आधार ऐच्छिक नाही. पांढऱ्याने १२. ह-डी१ केलं की डी३ चा उंट कुठेही हलला तरी मागचा हत्ती वजिरावर येतो, तेव्हा १२... घो-सी६ वेळेवर झालंच पाहिजे. पांढऱ्याची दुसरी पद्धत १२. रा-एच१ आणि मग एफ४. राजा आधी कोपऱ्यात जातो, कारण जी१ वर असताना एफ-प्यादं पुढे गेलं की डी४ च्या वजिराचा कर्ण थेट त्याच्यावर उघडतो. काळा घो-सी६, मग उं-सी५ किंवा घो-बी४ करून डी३ च्या उंटाला छेडतो. एक प्यादं जास्त, पांढऱ्याकडे हल्ल्याची संधी, दोघांनाही खेळायला भरपूर. फ्रेंच खेळणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

तिने व×ई५ घेतलं. ही चाल चुकीची म्हणता येणार नाही. पुढे अचूक खेळता आलं तर दुसरं प्यादं पचवता येतं. पण त्याची किंमत काय, हे घेताना डोळ्यांसमोर हवं: पांढऱ्यासाठी ई-फाइल मोकळी होते, पांढरा ११. ह-ई१ फुकटात खेळतो (वजिरावर हल्ला असल्याने काळ्याची एक चाल जाते), आणि ई६ चं प्यादं ई८ च्या राजासमोर बांधलं जातं. हे बांधलं जाणं लहान खेळाडूंना पटकन दिसत नाही. ई६ चं प्यादं जागेवर आहे, डी५ ला आधार देतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते डी५ वर मारूच शकत नाही, कारण ते हललं की राजाला हत्तीचा शह. म्हणून ११... व-बी८ केलं तर पांढरा सरळ १२. घो×डी५ मारतो आणि त्या घोड्याला हात लावता येत नाही. ही एक चाल मुलीला पटावर दाखवा आणि "आता घोडा मार" म्हणा. तिने प्यादं उचललं की ई-फाइलकडे बोट करा. एवढं एकदा झालं की तिला ही फाइल पुन्हा समजावून सांगावी लागणार नाही.

तिने ११... व-डी६ केलं, ते चांगलं: वजीर स्वतः डी५ ला धरून ठेवतो. मग १२. घो-बी५. वजिरावर हल्ला, शिवाय सी७ वर शहासकट घुसायची धमकी.

आता घड्याळ पाहा. दहाव्या चालीला सहा मिनिटं, अकराव्या चालीला चार. बाराव्या चालीला एक मिनिटसुद्धा नाही. डावाची वेळ ९० मिनिटं, वर प्रत्येक चालीला ३० सेकंद. तिच्याकडे अजून ७० हून अधिक मिनिटं शिल्लक होती. पटावरचा सगळ्यात अवघड क्षण तिने सगळ्यात कमी वेळात ओलांडला. का? कारण उत्तर तिच्याकडे आधीच तयार होतं. उंट वाईट, घोडा समोर आयता आलेला, वाईट मोहरं देऊन चांगलं घ्या. शिकवलेलं वाक्य हजर होतं, त्यामुळे पटाकडे बघायची गरजच वाटली नाही. मुलीचा यात दोष मी धरत नाही. वाक्य अर्धं शिकवलं गेलं होतं.

पूर्ण वाक्य असं आहे. फ्रेंचमध्ये काळ्याची ई६ आणि डी५ ही प्यादी पांढऱ्या घरांवर अडकलेली असतात, म्हणून त्याच रंगाचा उंट त्यांच्यामागे कोंडला जातो. उलट पांढऱ्याचा डी३ वरचा उंट त्याच पांढऱ्या घरांवर मोकळा फिरतो. एच७ कडे रोखलेला, बी५ वर उडी घ्यायला तयार. म्हणून काळ्याने आपला वाईट उंट पांढऱ्याच्या त्या चांगल्या उंटाशी बदलून घ्यावा. उंटाला उंट. त्यासाठी काळा कधी बी६ आणि उं-ए६ खेळतो, कधी व-बी६, उं-डी७ करून उं-बी५ साधतो. अशी अदलाबदल झाली की पांढऱ्या घरांवरचा पांढऱ्याचा पहारेकरी नाहीसा होतो आणि काळ्याची प्यादी सुखाने उभी राहतात.

या डावात काय झालं ते बघा. तिने उंट दिला घोड्यासाठी. आणि घोडा परत मारला तो कुणी? डी३ च्या त्याच उंटाने, तोही शह देत. म्हणजे पांढऱ्याचा जो उंट पटावरून घालवायचा होता तोच बी५ वर जाऊन बसला, आणि त्याच्या रंगाच्या घरांवर त्याला अडवणारं काळ्याचं कुणी उरलं नाही. शह अडवायला घोडा नाही (सी६ चा गेला, जी८ चा अजून घरीच), वजीर मध्ये घातला तर वजीरच जातो. राजाला हलणं भाग. कॅसलिंग गेलं, ई-फाइल मोकळी, आठ नंबरच्या ओळीवर हत्ती एकमेकांना तोडलेले. दोन प्यादी जास्त असून काळ्याकडे खेळता येईल असं एकही मोहरं नाही.

बाराव्या चालीला १२... व-बी८ करायला हवं होतं. वजीर सी७ राखतो, उंट डी७ वर आपलं काम करत राहतो. पांढरा १३. व-एफ३ करेल, त्यात पुढे उं-एफ४ ची धमकी आहे आणि डी५ वरही डोळा आहे, कारण ई६ चं प्यादं अजून बांधलेलंच. १३... उं-डी६ १४. घो×डी६+ व×डी६ १५. उं-एफ४ व-बी६ असं काहीसं होईल. पांढऱ्याचा जोर स्पष्ट दिसतो, काळ्याला काही चाली अगदी मोजून खेळाव्या लागतील, पण दोन प्यादी हातात आहेत. वजीर बी८ च्या कोपऱ्यात सरकवणं मुलांना अपमानास्पद वाटतं. तिथे तो चार-पाच चालींपुरताच असतो, हे त्यांना सांगावं लागतं.

पुढचं झटपट पाहू. १४. व-एच५ ने एफ७ वर हल्ला केला. १४... घो-एच६ ही स्वाभाविक चाल होती, पण पांढऱ्याने उंटाने तो घोडा मारून एफ७ चा एकमेव राखणदार काढून टाकला. त्याऐवजी १४... व-ई७ ने एफ७ धरून आणखी तग धरता आला असता. स्थिती तरी कठीणच. १६ व्या चालीनंतर ई६ कोसळणार हे ठरलेलं. १८. ह-सी१ मला आवडली. समोरच्या मुलाने त्याचा उंट मुद्दाम मारू दिला, कारण सी-फाइलवर हत्ती आला की काळ्याच्या राजाला सी८ बंद. तिने उंट घेतला आणि ई७ वर मात. हत्तीला मारलं असतं तरी (१८... व×सी१+) पांढरा १९. उं-एफ१ ने शह अडवतो आणि ई७ वरचा मारा तसाच उभा राहतो. त्या मुलाचं कौतुक केलं पाहिजे. प्यादी देऊन हल्ला शेवटपर्यंत नेणं त्या वयात सोपं नाही. शक्य असेल तर मुलीने त्याच्याशी बसून हा डाव पुन्हा बघावा. आपल्याकडे डाव संपला की पालक मुलाला घेऊन थेट गाडीकडे निघतात. हरलेला आणि जिंकलेला दोघे दहा मिनिटं एकाच पटावर बसले तर जे कळतं ते क्लासमध्ये महिन्यात कळत नाही.

ओपनिंग बदलण्याबद्दल. हरल्यावर ओपनिंग बदलणारे मोठे खेळाडूही आहेत, हे खरं. १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत मिखाईल तालने पहिल्याच डावात बोट्विनिकचा फ्रेंच मोडला आणि तिसऱ्या डावापासून बोट्विनिक कारो-कानकडे (ई४ ला सी६ चं उत्तर) वळला. पण त्याच्याकडे कारो-कान आधीपासून तयार होता, आणि तो मध्यावरचे सगळे आकृतिबंध दशकानुदशकं खेळलेला माणूस होता. दुसरीकडे जर्मनीचा वोल्फगांग उलमान ई४ ला आयुष्यभर फ्रेंचच खेळत राहिला. कोर्चनॉयने १९७४ साली कार्पोव्हविरुद्धच्या अंतिम कॅन्डिडेट्स (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) सामन्यात पुन्हा पुन्हा फ्रेंच मांडला आणि कार्पोव्हसारख्याला तो फोडणं जड गेलं. बाराव्या वर्षी उलमानचा मार्ग जास्त उपयोगी, कारण या वयात एकाच प्रकारच्या प्यादीरचनेत अनेक डाव खेळले तरच रचना अंगात मुरते.

सिसिलियनचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण भार किती ते त्यांनी सांगितलं नाही. नुसतं नायडॉर्फ (सिसिलियनचा एक प्रकार) शिकून भागत नाही. पांढरा सी३ घेऊन अलापिन खेळतो, बंद सिसिलियन खेळतो, स्मिथ-मॉरामध्ये पुन्हा प्यादं देऊन हल्ला करतो. आणि या प्रत्येकात प्रश्न तोच: प्यादं मिळालं, राजा मध्यावर आहे, आता घाई कुठे करायची आणि कुठे नाही? फ्रेंचमध्ये जे जमलं नाही ते सिसिलियनमध्ये आपोआप जमणार नाही. उलट तिथे चुकीची शिक्षा दोन चाली आधी मिळते.

रेटिंगची भीतीही या प्रश्नामागे आहे, ती मी समजू शकतो. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आत असलेल्या खेळाडूंना के-गुणांक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो. बरोबरीच्या रेटिंगच्या खेळाडूकडून हरलं की २० गुण जातात. चार दिवसांत असे दोन-तीन डाव गेले की घरात चिंता सुरू होते. पण तोच गुणांक जिंकतानाही ४० असतो. वाढत्या वयाच्या मुलांचं रेटिंग वेगाने वर-खाली व्हावं म्हणूनच तो एवढा ठेवला आहे. एका स्पर्धेतले गेलेले गुण बघून ओपनिंग ठरवली तर वर्षाला तीन ओपनिंग होतील आणि एकही येणार नाही.

आता काय करायचं. चतुर्थीच्या सुट्टीत घरी पाहुणे असतील, मुलं मोकळी असतील, त्या दिवसांत हे होऊ शकतं. दहाव्या चालीपर्यंतची स्थिती (१०. घो-सी३ नंतरची) पटावर मांडा. काळ्याने १०... ए६ खेळायचं आणि तिथून पुढे डाव चालू द्यायचा. म्हापशात किंवा पेडण्यात तिच्याबरोबर सराव करणारं कुणी असेलच. मोठा भाऊ, काका, शेजारचा मुलगा, कुणीही चालेल. महत्त्वाचं म्हणजे तिने निम्मे डाव पांढऱ्याकडून खेळावेत. गॅम्बिट देणाऱ्याला काय हवं असतं हे दुसऱ्या बाजूने बसल्याशिवाय कळत नाही. पांढऱ्याकडून खेळताना तिला स्वतःलाच बी५ चं घर, ई-फाइल, डी३ चा उंट हे सगळं दिसायला लागेल, आणि समोरच्याने उं×बी५ खेळावं असं मनापासून वाटेल.

त्यानंतर बाराव्या चालीची स्थिती वेगळी मांडा आणि तिला एकच काम द्या: डी७ चा उंट सध्या काय काम करतोय ते मोठ्याने सांग. मगच चाल. ही सवय फक्त या उंटापुरती नाही. कुठलंही मोहरं मारामारीत देण्याआधी ते आत्ता कशाला आधार देतंय, कुठला कर्ण किंवा फाइल अडवतंय, आणि आपण मारल्यावर परत मारणारं मोहरं कुठे जाऊन बसणार, हे पाहायचं. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. इथेही तोच विसरला गेला.

इतर सहाव्या चालींवरही थोडा वेळ द्या, कारण त्याच जास्त वेळा समोर येतील. ६. ए३ ला काळा ६... सी४ करून वजिराची बाजू बंद करतो आणि घोडा ए५ मार्गे बी३ कडे पाठवतो, किंवा शांतपणे घो-एच६ खेळतो. ६. उं-ई२ ला सी×डी४ करून मग घो-एच६ किंवा घो-जी-ई७, आणि घोडा एफ५ वर; तिथून डी४ वर आणखी एक मारा. या दोन्हीत तिचा उंट बराच वेळ डी७ वर बसून राहील. बसू द्या.

इंजिनबद्दल (चाली मोजणाऱ्या संगणक-प्रोग्रामबद्दल) वडिलांनी लिहिलं आहे की मोबाइलवर डाव घातल्यावर दहाव्या चालीतल्या व×ई५ ला इंजिनने फारशी नावं ठेवली नाहीत, मग मी ए६ का सुचवतो? इंजिनला बांधलेलं प्यादं, मोकळी फाइल, कोपऱ्यातला वजीर यांची धास्ती नसते. ते पुढच्या सगळ्या अचूक चाली मोजून आकडा देतं. बारा वर्षांच्या मुलीला त्या चाली पटावर बसून, दुपारच्या दुसऱ्या फेरीत, थकलेल्या डोक्याने शोधायच्या असतात. १०... ए६ नंतर तिच्या पुढच्या तीन-चार चाली तर्काने सापडतात. १०... व×ई५ नंतर त्या पाठ असाव्या लागतात. दोन-तीन वर्षांनी, गणिताची ताकद वाढल्यावर, तिने दुसरं प्यादंही खुशाल घ्यावं. डाव इंजिनवर घालण्याआधी तिने स्वतः कागदावर लिहावं की तिच्या मते डाव कुठे गेला. तुम्ही पाठवलेल्या नोंदीवर तिने १६ व्या चालीशेजारी प्रश्नचिन्ह काढलं आहे, बाराव्या चालीशेजारी काही नाही. इंजिनच्या आकड्याहून मला तेवढ्या एका खुणेतून जास्त कळलं.

२०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला विश्वचषक झाला तेव्हा गोव्यातली पुष्कळ मुलं तिथे जाऊन आली. २०६ खेळाडू, प्रत्येक फेरीत दोन क्लासिकल डाव, शेवटी उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्हने वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून चषक नेला. तुमची मुलगी गेली असेल तर तिला विचारा, खेळाडू किती वेळ नुसते बसून असायचे. ओपनिंग तोंडपाठ असलेले ग्रँडमास्टरसुद्धा पहिली अनपेक्षित चाल आली की वीस-वीस मिनिटं पटावरून नजर हलवत नाहीत. तिला बाराव्या चालीला पाच मिनिटं पुरली असती, आणि घड्याळात ती होती.

स्पर्धेआधी नवीन काही शिकवू नका. पुढच्या वेळी कुणी ६. उं-डी३ खेळलं तर ७... उं-डी७, ८... घो×डी४, १०... ए६, मग घोडा ई७ वरून सी६ ला. दिवाळीच्या सुट्टीतल्या स्पर्धेत हा प्रकार समोर आला तर तो डावही पाठवा, जिंकला असला तरी. आणि चालींशेजारची वेळ लिहायला तिला विसरू देऊ नका.